जानेवारीतली छत्री

दिवे लावणं हे माझं पोटाचं काम.
मांडवीत नांगरलेल्या जहाजावर, जिथे माणसं
पत्त्यांवर घरं हरतात,
मी इलेक्ट्रिशियन. चौदाशे बल्ब,
आणि छपरावरचा तो झोत
जो रात्रभर आभाळ पुसत राहतो,
ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं.
त्याचं बेअरिंग मीच बदलतो. ग्रीसही मीच घालतो.

मंगळवारी सुट्टी. रायबंदरहून फेरीबोट,
चोडणचा धक्का, मग बांधावरून सायकल.
वाटेत एस्पेरांस टीचरचं घर.
निवृत्त झाल्यापासून ती खाजणातले पक्षी मोजते
आणि काळोख पडला की त्याच दुर्बिणीनं
उरलेलं सगळं.
"तूंच रे तो झोतवालो?" पहिल्या दिवशी म्हणाली.
मी हो म्हटलं. तिनं खुर्ची दिली.

बल्कांवातला दिवा बंद.
माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात.
मग काहीच करायचं नाही, वीस मिनिटं.
डास मार, पण घड्याळ बघू नकोस,
डोळ्यांना काळोखाची ओळख पटू दे.
टॉर्चच्या तोंडाला लाल कागद,
नाताळात दारावर टांगलेल्या नखेत्राचा,
एक कोपरा पावसानं विटलेला.

कुंपणाला लागून पंचायतीचा नवा खांब,
त्यावर दुधासारखा पांढरा एलईडी.
तीन अर्ज दिले तिनं. सरपंच म्हणाला,
"बाये, काळोखासाठी कोण मत देतं?"
तेव्हापासून ती छत्री उघडते.
काळी, एक काडी मोडलेली,
केरसुणीच्या दांड्याला बांधून खांबाच्या दिशेला तिरकी.
तिच्या सावलीत आम्ही दोघं,
कोरड्याठाक जानेवारीत.
रस्त्यानं जाणाऱ्या पोरानं सायकल थांबवून
वर पाहिलं, पाऊस कुठाय म्हणून.
तेवढंच का होईना, वर पाहिलं.

"व्याध कोणालाही दिसतो," टीचर म्हणाली,
"त्याचं कौतुक पुरे. कृत्तिका मोज."
मी मोजल्या. तीन. बाकी नुसता श्वासाचा डाग,
आरशावर पडतो तसा.
"शीद पळय नाका. मात्शें कुशीक पळय."
मी शेजारच्या माडाच्या झावळीकडे पाहिलं
आणि डोळ्याच्या कडेनं चौथी आली. पाचवी.
नजर दिली की आत पळणारी.
सहावी होती, किंवा मला हवी होती.
"हवी असलेली मोजायची नाही,"
असं म्हणत तिनं वहीत पाच लिहिले.

ती वही मी नंतर चाळली, लाल उजेडात.
दर अवसेला एक आकडा.
जुन्या पानांवर सात, सात, ढग, सात,
एकदा आठ, आणि पुढे उद्गारचिन्ह.
मग सहा. मग बराच काळ सहा.
आकड्यांपुढे कारणं लिहिलेली नव्हती.

नैऋत्येला पणजीचं आभाळ
कढईतल्या तेलासारखं पिवळट तापलेलं,
आणि त्यात माझा झोत येत होता, जात होता.
मी तोही मोजला. अकरा सेकंदांना एक फेरा,
मध्ये किंचित अडखळत.
बेअरिंग पुन्हा घासतंय, मी म्हणालो.
टीचर काही बोलली नाही, फक्त दुर्बीण
माझ्या हातातून घेऊन पुसली.

गुरुवारी झोत बंद केला, दुरुस्तीला.
शेजारच्या जहाजाची रोषणाई होतीच,
तरी छपरावर उताणा पडून वर पाहिलं.
काही नाही. डोळ्यांत अजून
आमचेच चौदाशे बल्ब तरंगत होते.
वॉकीटॉकीवर मॅनेजर: "अजून किती?"
"वीस मिनिटं तरी," मी म्हटलं,
आणि ग्रीसचा डबा शोधू लागलो,
जो माझ्या पायाशीच होता.